कुरण्यांची मुकी पंगत

कुरण्यांच्या घरात खोड कुणालाच नव्हती. जे काही होतं ते तत्त्व होतं.

प्रसेनजीत स्वतःच्या लग्नात बँड सुरू झाल्याबरोबर मांडवातून उठला आणि चालत जाऊन एसटी स्टँडवर बसला. तेव्हासुद्धा त्याच्या वडिलांनी, आण्णासोंनी, जरादेखील न बिचकता पाव्हण्यांना सांगितलं होतं, "पोरगा तत्त्वाचा पक्का हाय. धांगडधिंगा चालत न्हाय त्याला." पुढं समाजातल्या दोन लग्नांतले बँड बंद झाले आणि त्याचं श्रेय आण्णासोंनी आपल्याकडं घेतलं. प्रसेनजीत वर्षभर एकाच रंगाचे शर्ट घालतो ही साधी राहणी. बोलताना कुणाच्या डोळ्यांत बघत नाही ही मर्यादा. शिरोलीच्या फौंड्रीत साहेबाला तोंडावर 'तुमचं ड्रॉइंग चुकलंय' म्हणाला आणि तीन वर्षं बढती हुकली, हा बाणेदारपणा.

या सगळ्या तत्त्वांचा राजा म्हणजे दसऱ्याची मुकी पंगत. वंदना झाली की घरातली सगळी माणसं ओळीनं जेवायला बसत, आणि घरचा कर्ता ताटावरून उठेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नसे. वाढणारी सोडून कुणी मधेच उठायचं नाही, हाक मारायची नाही, हवं-नको सगळं खुणेनं. आण्णासोंच्या वडिलांनी, पिराजींनी, छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून जेवताना मौन धरलं ते मरेपर्यंत सोडलं नाही, अशी घरातली कथा. यंदा दोन हजार सहा. दीक्षेचं पन्नासावं वर्ष. म्हणून संध्याकाळी समाजमंदिरात आण्णासोंचं भाषण ठेवलं होतं. विषय, 'मौन : एक संस्कार'. आण्णासो निवृत्त हेडमास्तर. मौनावर ते तासभर तरी बोलणार होते.

नातीच्या बाबतीत मात्र त्यांना तत्त्व सापडलं नाही. पोरगी होती, म्हणूनही असेल. साक्षी सहा वर्षांची झाली तरी बोलायची तुटक, आणि बोललीच तर एकच वाक्य दिवसभर. मिक्सर लागला की कान दाबून किंचाळायची. जेवायची ती भिंतीकडं तोंड करून. ही सरळसरळ खोड ठरली. आणि खोड म्हटल्यावर ती बाहेरूनच आलेली असणार, म्हणजे सुनेच्या माहेरातून, कुरुंदवाडहून.

दसऱ्याच्या सकाळी संघप्रिया चुलीपुढं बसून खपली गव्हाची खीर ढवळत होती. गॅस होता, पण ही खीर चुलीवरच होते असं घरातल्या म्हातारीचं, पारूआक्काचं म्हणणं. पारूआक्का म्हणजे आण्णासोंची थोरली बहीण. नवरा गेल्यावर हातकणंगल्याजवळच्या गावातून भावाकडं आली ती इथलीच झाली. उंबऱ्यात बसून ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

"कुरुंदवाडचं पावणं कवा येणार?" आक्कानं विचारलं.

"येईल की दादा आता. का बोलवलंय ते मला कुणी सांगिटलं न्हाय."

"तुला ठावं हाय का बोलवलंय ते."

संघप्रियेला ठाऊक होतं. नणंद प्रियदर्शनी काल इचलकरंजीहून आली, आल्या आल्या पायसुद्धा न धुता वडिलांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. रात्री भांडी घासताना हळूच म्हणाली, "वहिनी, चार दिवस कुरुंदवाडला जाऊन ये. पोरीला बी जरा हवापालट होईल." संघप्रिया आठ वर्षं या घरात होती. या घरात 'चार दिवस' म्हणजे काय ते तिला कळायचं. न्यायला सगळे येणार होते. आणायला कुणीच येणार नव्हतं.

स्वतःसाठी ती रडली नसती. पण हे घर साक्षीला पाठ होतं. कुठली फरशी हलते, कुठलं दार करकरतं, मोरीतला पाण्याचा आवाज कधी येतो, हे सगळं कळल्यावर कुठं वर्षभरापूर्वी पोरगी एकटी अंगणात जायला लागली होती. कुरुंदवाडला नेलं तर सगळं पहिल्यापासून. तरी संघप्रिया खीर ढवळत होती, कारण खीर लागली असती तर तेसुद्धा कुरुंदवाडवरच गेलं असतं.

पुढच्या सोप्यात साक्षी भिंतीकडं तोंड करून बसली होती. पंगतीच्या वाट्या एकीला एक चिकटवून तिनं रांग लावली होती. आण्णासो पांढराशुभ्र सदरा घालून भाषण पाठ करत येरझाऱ्या घालत होते. "मौन हे दुर्बलांचं नव्हे," ते छताकडं बघून म्हणाले, आणि खाली बघितलं तर नात. "संघप्रिया! हिला आज तरी पंगतीकडं तोंड करून बसव. पाव्हणे येणार आहेत. बघणारे काय म्हणतील?"

आण्णासो रागात असले की शुद्ध बोलत.

*

संघप्रियेचा भाऊ आदर्श कुरुंदवाडहून निघाला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला उंबऱ्यात अडवलं होतं. "काय बी कबूल करा, पण ताईस्नी घेऊन येऊ नका. दोन खोल्यांत कुठं ठेवू मी त्यांना? आणि ती पोरगी किंचाळायला लागली की शेजारी काय म्हणतील?" आदर्श पंचायत समितीत क्लार्क होता आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायचा. बोलण्यात तो कुणाला हार जायचा नाही, बायको सोडून. वाटेत त्यानं ठरवलं, पाया पडू, हातापाया पडू, पण बहीण आहे तिथंच राहिली पाहिजे. संध्याकाळी गावात त्याचाही कार्यक्रम होता. चारची एसटी गाठायचीच होती.

"जय भीम, आण्णा."

"जय भीम. या. बसा." आण्णासोंनी खुर्ची दाखवली. चहा आला. वंदना झाली. पिराजींच्या फोटोला हार घातला गेला. आण्णासोंचा बेत होता की आधी पंगत, मग बैठक. पण प्रियदर्शनी म्हणाली, "जेवल्यावर सगळी सुस्तावत्यात. आधी बोलून घ्या." म्हणून पानं मांडलेली तशीच ठेवून सगळे सोप्यात बसले. प्रसेनजीत दाराजवळच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, मांडीवर हात ठेवून बसला.

"आदर्शराव," आण्णासोंनी घसा साफ केला, "आपण शिकलेली माणसं. भांडण नाही, तंटा नाही. पण मुलीचा प्रश्न आहे. आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही."

"सात पिढ्या कुणी मोजल्यात?" पारूआक्का उंबऱ्यातून म्हणाली. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि तुमच्याकडं मात्र," प्रियदर्शनीनं धागा उचलला, "चुलता होता की न्हाय तुमचा? कृष्णात? दिवसभर नदीच्या घाटावर बसून एकटाच हसायचा म्हणं. लग्न ठरवताना तुमी म्हणालासा, साधूमाणूस हाय."

आदर्शचा चेहरा पडला. कृष्णाततात्यांबद्दलची खरी गोष्ट त्यांच्या घरात दबक्या आवाजातसुद्धा कुणी बोलत नव्हतं. पण आता इलाज नव्हता. "आण्णा, काय सांगू तुम्हास्नी. तात्या साधू न्हवता. दारू प्यायचा. सकाळपास्नं. म्हणून हसायचा."

"दारू?" आण्णासो ताठ झाले.

"चुकलं आमचं. साधू म्हणायला नको होतं. पण आण्णा, दारूनं पोरीला असलं कुठं होतंय? दोन्ही हात जोडतो. माझी बहीण तुमच्या पदरात टाकलीय, पदरातनं झटकू नका." आदर्शचा आवाज खरंच भरून आला होता. त्यात बायकोची भीती निम्मी होती आणि बहिणीची माया निम्मी.

"झटकतंय कोण?" प्रियदर्शनी म्हणाली. "चार दिवस म्हणालाव. आमच्या दादाला जरा विसावा. पुढचं पुढं बघता येतंय. त्याचं वय काय फार झालं न्हाय."

'पुढचं' हा शब्द सोप्यात सगळ्यांना ऐकू आला. खिरीच्या पातेल्याजवळ उभ्या संघप्रियेलाही ऐकू आला. ती पदराला हात पुसत बाहेर आली. नवऱ्याकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता. गप्प होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हा दगड, बायकोची अशी उणीदुणी निघालीत आणि बसलाय आपला. पण तो गप्प का होता हे या सोप्यात फक्त तिला माहीत होतं. तिनंच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. पुण्याहून परत येताना ती म्हणाली होती, घरात कुणाला सांगायचं न्हाय. त्यानं विचारलं होतं, कुठपर्यंत? ती म्हणाली होती, मी सांगेपर्यंत. आता घर जळालं असतं तरी त्यानं तोंड उघडलं नसतं.

"अहो," ती म्हणाली. "सांगा आता."

*

प्रसेनजीतला बैठक आवडत नसे. एका वेळी सगळे बोलतात, एक म्हणतात आणि दुसरंच म्हणायचं असतं, आणि आपण बोललो की सगळे गप्प होतात. पण आजची बैठक त्याला बरी वाटत होती, कारण तिच्यात एक सरळ प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्याला येत होतं. तो बोलायचा पुस्तकातलं. लहानपणापासून. वडील हेडमास्तर असल्यामुळं तेही तत्त्वात बसलं होतं.

"मागच्या महिन्यात आम्ही साक्षीला पुण्याला दाखवलं," तो फरशीला म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी तिला बराच वेळ खेळवलं. मग मला प्रश्न विचारले. माझं लहानपण, शाळा, लग्न, आवाज, कपडे. मी सगळं सांगितलं. बँडचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावून परत विचारलं. त्या म्हणाल्या, मुलीला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. ही मेंदूची जन्मापासूनची ठेवण आहे, कुणाच्या वागण्यानं होत नाही. नंतर म्हणाल्या, तुम्हालाही आहे. पुष्कळदा ते घराण्यातून येतं." त्यानं श्वास घेतला. "तुमचा प्रश्न होता, साक्षीचं हे कुठल्या घराण्यातून आलं. बहुधा आपल्या. आता जेवायला बसू या का?"

कुणी जेवायला उठलं नाही.

"तुला?" प्रियदर्शनी ओरडली. "तुला कसला रोग? डिप्लोमाला फर्स्ट क्लास मिळाला तुला!"

"रोग नाही, असं त्या म्हणाल्या. आणि फर्स्ट क्लासचं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याचा काही संबंध नाही."

"हे हिनं शिकवलंय, आण्णा! पोरीचं खापर फुटायला लागलं तसं नवऱ्याच्या डोक्यावर फोडलं."

"वन्सं, ह्यांना शिकवून खोटं बोलायला येत असतं तर तीन वर्षं बढती कशाला हुकली असती?" संघप्रिया म्हणाली. "आठ वर्षं मला वाटत होतं, मी ह्या माणसाला आवडत न्हाय. माझ्या तोंडाकडं बघत न्हाईत, नवीन लुगडं नेसलं तरी कळत न्हाय, माहेरासनं आले तर 'आलीस' म्हणत न्हाईत. मी उश्या भिजवल्या. आणि ती बाई एका दुपारात म्हणाली, बघत न्हाईत म्हणजे आवडत न्हाय असं नसतंय, तोंडाकडं बघितलं की त्यांना बोलणं ऐकू येत न्हाय. त्या दिवशी एसटीत मी सातारा येईपर्यंत रडले. सुखानं रडले. ते काय शिकवून होतंय?"

प्रसेनजीतनं मान हलवली. "कराडपर्यंत," तो म्हणाला.

आणि मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते झालं. आदर्श उठून उभा राहिला. आतापर्यंत हात जोडून बसलेल्या माणसाच्या अंगात एकदम सूत्रसंचालक शिरला.

"म्हंजे आण्णा, तुम्ही आम्हास्नी फसवलं!"

"काय?"

"लग्नात पोरगा मांडव सोडून गेला, तुम्ही म्हणालासा तत्त्व! आम्ही गावभर सांगत सुटलो, आमचे दाजी तत्त्वाचे हैत! आमच्या तात्याचं दारूचं आज चव्हाट्यावर काढलासा, आणि स्वतःचं झाकून ठेवलासा? सात पिढ्या म्हणं! न्हाय ठेवायची मला माझी बहीण असल्या घरात. संघे, बांध गाठोडं! चारच्या एसटीनं चल!"

"तेच तर आम्ही म्हणालोय," प्रियदर्शनी म्हणाली. "घेऊन जावा की."

"तुम्ही म्हणून न्हवं! मी म्हणून नेणार!"

"कुणी का म्हणंना, न्या!"

असा अर्ध्या घटकेत दोन्ही घराण्यांचा समेट झाला. सकाळपासून जी दोन टोकं जुळत नव्हती ती बरोबर एका गोष्टीवर जुळली, की संघप्रिया आणि साक्षीनं या घरातून जावं. कुरणे म्हणत होते, दोष तुमचा म्हणून न्या. कुरुंदवाड म्हणत होतं, दोष तुमचा म्हणून नेतो.

"दादा," संघप्रियेनं शांतपणे विचारलं, "वहिनीला विचारलंस काय?"

आदर्श परत खुर्चीत बसला.

त्या आरडाओरड्यात साक्षीनं वाट्यांची रांग सोडली होती. ती भिंतीला कपाळ लावून, दोन्ही कानांवर हात दाबून पुढंमागं डुलत होती. प्रसेनजीत उठला, तिच्याशेजारी भिंतीकडंच तोंड करून बसला. तिला हात लावला नाही, काही बोललाही नाही. नुसता बसला. बापलेकीच्या दोन पाठी सगळ्यांकडं.

पारूआक्कानं अडकित्ता खाली ठेवला. "आता गं बया," ती म्हणाली. "आबा बसल्यागत दिसतंय."

आण्णासोंनी मान वळवली. "आक्का, तू मधी बोलू नको."

"का बोलू नको? आण्णू, तू लई शिकलास, पण बापाची पाठ इसरलास व्हय? तूच न्हवं भाकरी पोचवायचास?"

"कुठं पोचवायचे?" संघप्रियेनं विचारलं.

"गोठ्यात! आमचा आबा गोठ्यात जेवायचा. भिताडाकडं तोंड करून. माणसं जेवताना मचमच करत्यात त्यो आवाज त्याला सोसायचा न्हाय. आईच्या हातनं तांब्या पडला की असाच कान दाबून डुलायचा. माझ्या लग्नात पंगत बसली आणि ह्यो उठून म्हशीजवळ जाऊन बसला. पावणं रुसलं, माझी सासू धा वर्सं मला बोलत हुती, तुझा बाप याडा म्हणून. सगळा गाव मुका पिराजी म्हणायचा त्याला. मी ह्या डोळ्यानं बघितलोय की."

"त्यांनी दीक्षेनंतर मौन धरलं होतं," आण्णासो म्हणाले. पण आवाज भाषणातला नव्हता.

"माझं लगीन दीक्षेच्या आधी झालं, बाबा. तवा कसलं मौन? दीक्षा त्यानं मनापास्नं घेतली, त्यात खोट न्हाय. पण जेवायचा पहिल्यापास्नंच तसा. तुमी मागनं त्याला चांगलं नाव दिलंसा एवढंच."

"मग ही मुकी पंगत?" आदर्शनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

"ती आमच्या आईची. बनाबाईची. तिच्या जिवाला लागायचं, दादला म्हशीबरूबर जेवतोय, पावण्यात इज्जत जातीया. तिनं लई रडून बघितलं, भांडून बघितलं, एकदा देवरुषी बी आणला. मग एका दसऱ्याला मी म्हायेरी आलो हुतो, तवा तिनं आमा समद्या पोरास्नी बसवलं आणि म्हणाली, आजपास्नं घरात जेवताना कोण बोलायचं न्हाय. भुरका मारायचा न्हाय. जो बोलंल त्यानं गोठ्यात जायाचं. आणि मग आबाला बोलवलं, या म्हणाली आत. त्यो आला. कोपऱ्यात बसला, भिताडाकडं तोंड करून, पण आत बसला. मरूस्तवर परत गोठ्यात गेला न्हाय." आक्कानं भिंतीवरच्या फोटोकडं हात केला. "हार त्याला घालतासा. ती बिचारी कुठल्या फोटोत बी न्हाय."

आक्कानं अडकित्ता परत हातात घेतला.

आण्णासोंना आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, हीच तर अडचण होती. शेणाचा वास, म्हशीच्या गळ्यातली साखळी, आणि बापाची रुंद पाठ. भाकरी मागं ठेवून, पाय न वाजवता परत यायचं. एकदा ते हाक मारून गेले होते, 'आबा, भाकरी', आणि आबा दचकून असा कळवळला होता की आण्णू पळत येऊन आईच्या कुशीत लपला होता. पुढं बोर्डिंगात पोरं विचारायची, तुझा बाप काय करतो रे? तिथं कधीतरी पहिल्यांदा त्यांनी सांगितलं होतं, माझा बाप मौन पाळतो. पोरं गप्प झाली होती. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"पानं वाढा," आण्णासो म्हणाले.

*

पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी, भाकरी, खीर. पहिला घास घेतला आणि कुरण्यांचं घर नेहमीसारखं मुकं झालं.

साक्षी ताट उचलून भिंतीकडं वळली. प्रियदर्शनी डोळे वटारून तिला फिरवायला अर्धी उठली, तर आण्णासोंनी हात वर केला. बस, अशी खूण. ती बसली. कर्त्याच्या खुणेवर खूण करायची या घरात पद्धत नव्हती.

आण्णासो जेवत होते आणि मनात हिशोब मांडत होते. आपण उठलो की पंगत उठणार. पंगत उठली की बैठक परत सुरू होणार. मग आपल्याला काहीतरी बोलावं लागणार. एक तर 'चुकलं' म्हणायचं, नाहीतर 'घेऊन जा' म्हणायचं. पहिलं त्यांनी नोकरीच्या उभ्या काळात म्हटलेलं नव्हतं. दुसरं आता म्हणवत नव्हतं. समोर नातीची पाठ होती. एवढीशी पाठ. या गप्प घरात ती घास मोडून मोडून, कान मोकळे सोडून, निवांत जेवत होती. बनाबाईनं पंगत जिच्यासाठी मुकी केली असावी अशी ती एकटीच त्या ओळीत जेवत होती, आणि तिलाच आपण बाहेर काढायला निघालो होतो.

आण्णासोंनी खिरीची खूण केली. संघप्रियेनं वाढली. त्यांनी ती सावकाश, गहू मोजल्यासारखी खाल्ली. परत खूण केली.

प्रियदर्शनीचा घास हातात राहिला. आण्णांना साखरेचा आजार होता. गुळाची खीर त्यांना चमचाभरही वर्ज्य. ती डोळ्यांनी 'नको', मानेनं 'नको', शेवटी दोन्ही हातांनी 'नको' म्हणाली. आण्णासोंनी तिच्याकडं बघितलंच नाही. तोंडानं बोलायची सोय त्यांनीच आयुष्यभर बंद करून ठेवलेली होती. तिसरी वाटी आली. चौथी आली.

बाकीच्यांची ताटं सुकली. आदर्श घड्याळाकडं बघत होता. उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. गावातल्या माईकपुढं आज कोण उभं राहणार या काळजीनं त्याचा जीव वर-खाली होत होता. पारूआक्का हसू दाबत भिंतीला टेकली होती. चारची एसटी निघून गेली असणार हे सगळ्यांना कळलं तेव्हा आण्णासोंनी पाचवी वाटी संपवली, पाण्याचा घोट घेतला, आणि पुढं बघत बसून राहिले.

शेवटी आदर्शच उठला. पाहुण्यानं मुकी पंगत मोडली, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "आण्णा, मला गेलं पाहिजे. माझा कार्यक्रम हाय. मी फोन करतो." मग बहिणीकडं वळून, सुटल्यासारखं म्हणाला, "संघे, तू राहा हितंच. सण हाय." आणि चपला हातातच घेऊन वडापच्या जीपकडं पळाला. प्रियदर्शनी आत जाऊन शुगरची गोळी शोधायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं का भीतीचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

दिवे लागायच्या सुमाराला समाजमंदिरातून निरोप आला, माणसं जमलीत, आण्णासोंना पाठवा.

"तब्येत बरी न्हाय म्हणून सांग," आण्णासो कॉटवर आडवे पडून म्हणाले.

प्रसेनजीत दारात जाऊन म्हणाला, "त्यांनी पाच वाट्या खीर खाल्ली आहे." निरोप घेऊन आलेला माणूस गेला.

तो परत आला तेव्हा आण्णासो छताकडं बघत होते. भाषणाचे कागद उशाला होते. संघप्रिया त्यांना लिंबू-पाणी द्यायला आली, तिच्या मागं पदर धरून साक्षी. साक्षीनं कॉटखालच्या वहाणा बघितल्या आणि खाली बसून त्या एका रेषेत लावल्या.

"प्रसेनजीत," आण्णासो म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई. त्या माझ्या वयाच्या माणसाला बघतात का?"

"मी विचारलेलं नाही. विचारावं लागेल. आधी वेळ घ्यावी लागते."

"मग घे वेळ. प्रियदर्शनीला सांगू नको."

"तिनं विचारलं तर?"

"विचारलं तर..." आण्णासो थांबले. पोराला खोटं बोलायला सांगून उपयोग नव्हता, हे त्यांना आजच पटलं होतं. "विचारलं तर सांग. काय व्हायचं ते होऊ दे."

संघप्रिया ग्लास धरून उभीच होती. आण्णासोंनी तिच्याकडं बघितलं नाही. तसे ते कधीच कुणाकडं बघत नसत, वर्गात चाळीस वर्षं ते मागच्या भिंतीकडं बघून शिकवत आले होते. ते तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"सूनबाई, तू पण यायचंस," ते भिंतीला म्हणाले. "आम्ही तीन मुके तिथं जाऊन काय करणार? घरात एक तरी बोलणारं माणूस पाहिजे."